हलक्या पायाचे रस्ते

मोठ्या पुलावरून मोटारीनें जाणाऱ्या प्रवाशाला एक अनुभव हटकून येतो. रस्ता गुळगुळीत असतो, पूलहि सपाट असतो. पण रस्ता संपून पूल जेथें सुरू होतो, नेमक्या त्या ठिकाणीं गाडीला एक हिसका बसतो. मागच्या आसनावर डुलकी घेत असलेलीं माणसें दचकून जागीं होतात, कोणी तरी कंत्राटदाराचा उद्धार करतो, आणि गाडी पुढें जाते. कंत्राटदाराच्या पदरीं जें पाप असेल तें असो; परंतु ह्या हिसक्याचा दोष पुष्कळदां त्याचा नसतो. पूल उभा असतो तो खोल कठीण थरापर्यंत पोहोंचलेल्या खांबांवर. तो जागचा हालत नाहीं. त्याला जाऊन मिळणारा रस्ता मात्र मातीच्या भरावावर असतो. आणि तो भराव ज्या जमिनीवर टाकलेला असतो ती मऊ असली, तर भरावाच्या ओझ्यानें ती वर्षानुवर्षें दबत राहते. पूल जागच्या जागीं आणि रस्ता खालीं खालीं, अशी स्थिति होऊन दोहोंच्या मध्यें पायरी पडते.

ही पायरी बुजविण्याचा सरळ उपाय म्हणजे खचलेल्या भागावर खडी आणि डांबर घालून तो पुन्हा पुलाच्या पातळीला आणणें. जगांतील बहुतेक रस्तेखात्यांनीं वर्षानुवर्षें हेंच केलें. पण रस्ता खचला कशानें? ओझ्यानें. आणि त्यावर उपाय काय, तर आणखी ओझें! एका सावकाराचें कर्ज फेडण्यासाठीं दुसऱ्याकडून कर्ज काढावें, त्यांतलाच हा प्रकार. नवी खडी पडली कीं जमीन पुन्हा दबते, पुन्हा पायरी पडते, पुन्हा खडी पडते. आणि कांहीं वर्षांनीं रस्त्याची जाडी तेवढी वाढलेली असते, उंची मात्र तीच.

ह्या फेऱ्यांतून सुटण्याची एक युक्ति १९७२ सालीं नॉर्वे देशाच्या रस्तेखात्यानें करून पाहिली. त्यांनीं रस्त्याखालचा जड भराव खणून काढला आणि त्याच्या जागीं, आपल्याकडे घरोघर थर्माकोल ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या पदार्थाचे मोठमोठे ठोकळे रचले. ज्याचीं गणपतीचीं मखरें झालीं, जो बोटानें दाबला असतां कुरकुरतो आणि वाऱ्यानें उडून जातो, त्या पदार्थावर मालमोटारी चालवावयाच्या! ऐकणाऱ्याला ती थट्टाच वाटावी. पण ती थट्टा नव्हती. आणि तिच्यामागचा विचार तर मुळींच नवा नव्हता. त्याचा माग काढण्यासाठीं दोनशें वर्षें मागें जाऊन इंग्लंडांतील दोन दलदली पाहाव्या लागतात.

इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यांत नेर्सबरो नांवाचें गांव आहे. तेथें १७१७ सालीं जॉन मेटकाफ ह्याचा जन्म झाला. वयाच्या सहाव्या वर्षीं त्याला देवी आल्या आणि त्यांत त्याची दृष्टि कायमची गेली. असा मनुष्य पुढें रस्ते बांधूं लागला हें खरें वाटत नाहीं. परंतु त्यानें आपल्या आयुष्यांत सुमारें १८० मैल रस्ते बांधले, आणि तेहि बहुतेक डोंगराळ मुलुखांत. हातांतल्या लांब काठीनें जमीन चांचपीत, पायाखालीं तिचा दाब अजमावीत तो एकटाच रानांतून हिंडे आणि आपला मार्ग ठरवी. डोळसांना जमिनीचा रंग दिसतो. मेटकाफला तिचा मऊपणा कळत असे, असें म्हटल्यास तें फारसें अतिशयोक्तीचें होणार नाहीं. हडर्सफील्डहून मँचेस्टरकडे जाणाऱ्या रस्त्यावर डोंगरमाथ्याची दलदल आडवी आली. दलदल उपसून तळाची कठीण जमीन गांठावी, ही तेव्हांची समजूत. मेटकाफनें उपसणें सोडून दिलें. रानांत उगवणाऱ्या हीदर नांवाच्या झुडपाच्या मोळ्या बांधवून त्यानें त्या दलदलीवर एकमेकींना चिकटून, थरावर थर आडव्यातिडव्या अंथरल्या आणि त्यांवर दगड व मुरूम पसरला. रस्ता दलदलीवर तराफ्यासारखा बसला. लोकांनीं हंसून घेतलें; मग त्याच रस्त्यानें त्यांच्या गाड्या गेल्या.

दुसरी दलदल ह्याहून प्रसिद्ध आहे. लिव्हरपूल व मँचेस्टर ह्या शहरांना जोडणारा लोहमार्ग बांधावयाचें ठरलें, तेव्हां वाटेंत चॅट मॉस नांवाचा विस्तीर्ण पाणथळ प्रदेश होता. हजारों वर्षें शेवाळ व गवत कुजत जाऊन तयार झालेली ती काळी, स्पंजासारखी भूमि. तिला इंग्रज लोक पीट म्हणतात. कांहीं ठिकाणीं तिची खोली तीस फुटांहून अधिक होती आणि तिच्यावर गुरें चालूं शकत नसत. १८२५ सालीं पार्लमेंटच्या समितीपुढें जॉर्ज स्टीफन्सन ह्याची जी उलटतपासणी झाली, तींत चॅट मॉसचा मुद्दा प्रतिपक्षानें चांगलाच लावून धरला. फ्रान्सिस गाइल्स ह्या नाणावलेल्या इंजिनियरनें तर ह्या दलदलीवरून लोहमार्ग नेणें हा शुद्ध वेडेपणा ठरविला. त्या वर्षीं बिल बारगळलें. तें मंजूर झालें १८२६ सालीं.

पुढें काम सुरू झालें तेव्हां गाइल्सचेंच म्हणणें खरें होणार असें दिसूं लागलें. दलदलीच्या मँचेस्टरकडील कडेला बांध घालावयाचा म्हणून माती टाकूं लागले, तों ती आठवडेच्या आठवडे गडप होत राहिली. आज टाकलेली माती उद्यां दिसेना. कंपनीचे संचालक काम सोडून देण्याच्या विचाराला आले. स्टीफन्सननें दलदलीच्या पोटांत मात्र निराळाच मार्ग धरला होता. विणलेल्या कुडासारख्या काटक्यांच्या ताट्या आणि हीदरचा पाला ह्यांचे थर घालून त्यानें रुळांना एक रुंद, हलकी बैठक करून दिली. निचऱ्यासाठीं जे चर खणले ते दोन्ही बाजूंनीं मिटत, म्हणून त्यानें डांबराचीं रिकामीं पिंपें टोकाला टोक लावून चिखलांत पुरलीं आणि पाणी त्यांतून वाहून नेलें. १५ सप्टेंबर १८३० रोजीं ह्या मार्गाचें उद्घाटन झालें. स्टीफन्सनचा चरित्रकार सॅम्युएल स्माइल्स ह्यानें दिलेला चॅट मॉसवरील खर्चाचा आंकडा अवघा २८ हजार पौंडांचा आहे. आजहि त्या दलदलीवरून आगगाड्या धांवतात.

मेटकाफ आणि स्टीफन्सन ह्यांनीं केलें त्यांत दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या, आणि त्या वेगळ्या करून पाहिल्या म्हणजे पुढचा इतिहास नीट कळतो. पहिली गोष्ट, भार पसरून देणें. चिखलांत चालतांना मनुष्य फळी टाकतो तो ह्याच हेतूनें. दुसरी, भारच कमी करणें. पहिलीचा बोलबाला फार झाला, दुसरीकडे कोणाचें फारसें लक्ष गेलें नाहीं. रस्त्याखालीं हलकी वस्तु घालावी हें मनाला रुचतच नाहीं. भक्कम म्हणजे जड, अशी माणसाच्या मनाची जुनी घडण आहे. किल्ल्यांचे तट आणि देवळांचे चौथरे पाहून ती झाली असावी. वास्तविक मऊ जमिनीवर भरावाचें जडपण हें रस्त्याचें बळ नसून त्याचा शत्रु असतो. मोटारीचें ओझें येतें आणि जातें. भरावाचें ओझें रात्रंदिवस तेथेंच बसून असतें.

हा विचार पुरता अंमलांत आणण्याची वेळ नॉर्वेवर यावी, ह्याला तेथील भूमि कारण आहे. सुमारें दहा हजार वर्षांपूर्वीं हिमयुग ओसरलें, तेव्हां त्या देशावरचा प्रचंड बर्फाचा भार नाहींसा झाला आणि दबलेली भूमि हळूहळू वर येऊं लागली. समुद्राच्या तळाशीं बसलेली बारीक चिकणमाती अशा रीतीनें कोरड्यावर आली. खाऱ्या पाण्यांत बसलेल्या त्या मातीचे सूक्ष्म कण पत्त्यांच्या बंगल्यासारखे एकमेकांच्या आधारानें उभे असतात आणि त्यांच्या मधल्या पोकळींत पाणी असतें. तो आधार टिकवून धरण्याचें काम बरेंचसें मीठ करीत असतें. हजारों वर्षें पावसाचें व झऱ्यांचें गोडें पाणी मुरून तें मीठ जेथें धुऊन गेलें, तेथें बंगला उभा राहतो खरा, पण धक्का बसण्याचीच खोटी. धक्का बसला कीं ती माती ताकासारखी पातळ होऊन वाहूं लागते. १९ मे १८९३ च्या रात्रीं व्हेरडाल येथें अशीच जमीन वाहून गेली आणि ११६ माणसें मेलीं. १९७८ सालीं रिस्सा येथें एका शेतकऱ्यानें नव्या गोठ्याच्या पायाची सुमारें ७०० घनमीटर माती खणून जवळच्या तळ्याच्या कांठीं टाकली. तेवढ्या जादा वजनानें कांठ ढासळला. मागची जमीन त्याच्या पाठोपाठ निघाली. शेतें व घरें तळ्याकडे वाहत गेलीं आणि एका मनुष्याचा बळी गेला. कोणा हौशी माणसांनीं त्या वेळीं घेतलेली चित्रफीत आहे. तींत उभें घर शांतपणें सरकत जातांना दिसतें. ज्या देशांत खणलेली माती कोठें टाकावी हाहि जिवाशीं गांठ घालणारा प्रश्न होतो, तेथील रस्तेवाल्यांनीं वजनाची धास्ती घ्यावी ह्यांत नवल नाहीं.

नॉर्वेत लांकूड मुबलक. त्यामुळें लांकडाचा भुसा आणि झाडांच्या साली ह्यांचा भराव तेथें आधींच होत असे. भट्टींत भाजून फुगविलेल्या चिकणमातीच्या गोळ्याहि वापरांत आल्या होत्या. ह्या वस्तु मातीपेक्षां पुष्कळ हलक्या. पण भुसा भिजून जड होतो आणि हवा लागली कीं कुजतो. फुगविलेल्या मातीच्या गोळ्या कुजत नाहींत, मात्र मातीच्या मानानें त्यांचें वजन फार तर चौथ्या हिश्शापर्यंत उतरतें. ह्याहून हलकी, न कुजणारी वस्तु पाहिजे होती. ती एका औषधविक्रेत्याच्या दुकानापासून निघून फार दुरून आली.

१८३९ सालीं बर्लिन येथील एडुआर्ट सिमोन नांवाच्या औषधविक्रेत्यानें एका झाडाच्या सुगंधी डिंकापासून तेलासारखा द्रव काढला व त्याला स्टायरोल असें नांव दिलें. ठेवून दिलें असतां तें तेल आपोआप घट्ट होत असे. कां होतें हें त्याला कळलें नाहीं. त्याचा उलगडा हेरमान स्टाउडिंगर ह्या शास्त्रज्ञानें विसाव्या शतकांत केला. एकच लहान रेणू हजारों वेळां सांखळीसारखा जोडला जाऊन तो घट्ट पदार्थ होतो, हें त्यानें दाखविलें, आणि पुढें १९५३ चें नोबेल पारितोषिक त्याला मिळालें. त्या पदार्थाचें नांव पॉलिस्टायरीन. त्याला फुगविण्याची कृति जर्मनींतील बी. ए. एस. एफ. कारखान्याचा रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ स्टास्टनी ह्याला १९४९ सालीं सांपडली, आणि तीहि जरा गमतीनें. प्रयोगाचा एक नमुना त्यानें बुटाच्या पॉलिशच्या डबींत घालून भट्टींत ठेवला आणि तो तेथें वेळेपेक्षां अधिक राहिला. परत येऊन पाहतो तों डबींतून पांढऱ्या फेसाचा एक खांब वर आलेला आणि त्याच्या डोक्यावर डबीचें झांकण टोपीसारखें बसलेलें! बारीक मण्यांत कोंडलेला वायु उष्णतेनें फुगतो, मणी मोठे होऊन एकमेकांना चिकटतात, आणि जो ठोकळा तयार होतो त्यांत शंभरांतले सुमारें अठ्ठ्याण्णव भाग निव्वळ हवा असते. एका घनमीटर ओल्या मातीचें वजन सुमारें २००० किलोग्रॅम. ह्या ठोकळ्याचें सुमारें २०.

नॉर्वेच्या रस्ते प्रयोगशाळेनें हा पदार्थ प्रथम उचलला तो ओझें कमी करण्यासाठीं नव्हे. तिकडे हिंवाळ्यांत रस्त्याखालची ओल गोठून रस्ता फुगतो व उलतो; तें टळावें म्हणून १९६० नंतरच्या वर्षांत फेसाच्या पातळ फळ्या रस्त्याखालीं पांघरुणासारख्या घालूं लागले होते. त्या फळ्या जमिनींत टिकतात, वाहतुकीखालीं चुरत नाहींत, असा अनुभव आला. ज्या वस्तूचें पांघरूण होतें तिचा पाया कां होऊं नये, हा प्रश्न तेथून फार दूर नव्हता. पण तो कोणी तरी विचारावा लागतो.

ऑस्लोच्या परिसरांत फ्लोम येथें एक पूल आहे. पूल खांबांवर, स्थिर. त्याला मिळणारा रस्ता तीन मीटर पीट आणि त्याच्याखालीं दहा मीटर मऊ समुद्री चिकणमाती अशा भूमीवर होता, आणि तो दर वर्षीं २० सेंटिमीटरांहून अधिक खचत होता. वीत वीत म्हणतां येईल असें हें खचणें! श्रोत्यांनीं हिशेब करून पाहावा: पांच वर्षांत एक मीटर, आणि दर खेपेस वर खडी. १९७२ सालीं प्रयोगशाळेच्या लोकांनीं ह्या रस्त्याचा सुमारें एक मीटर जाडीचा भराव काढला आणि त्याच्या जागीं अर्ध्या मीटर जाडीच्या ठोकळ्यांचे दोन थर घातले. प्रत्येक चौरस मीटरवरचें जवळ जवळ दोन टन ओझें उतरलें, त्याच्या बदलीं २० किलोग्रॅम चढलें. वर नेहमींचा रस्ता केला. खचणें थांबलें.

ह्या कामाला यांत्रिक अवजारें फारशीं लागत नाहींत. पंचवीस-तीस किलोग्रॅमांचा प्रचंड ठोकळा दोन माणसें सहज उचलून नेतात; तळाशीं वाळू चांगली सपाट करून घ्यावयाची, वीट रचतात तसे सांधे चुकवून ठोकळे रचावयाचे, आणि ते सरकूं नयेत म्हणून लोखंडी दांतेरी चकत्या मध्यें दाबावयाच्या. तळ सपाट करण्यांत मात्र आळस चालत नाहीं. खालचा ठोकळा डुगडुगला तर वरचा प्रत्येक थर डुगडुगतो.

आतां मुख्य शंका. एवढी पोकळ वस्तु मालमोटारीच्या चाकाखालीं चुरत कशी नाहीं? ह्याचें उत्तर असें कीं, चाक ठोकळ्याला शिवतच नाहीं. चाक आणि ठोकळा ह्यांच्यामध्यें अर्धा मीटर वा अधिक जाडीचा रस्ता असतो आणि बहुधा १० ते १५ सेंटिमीटर जाडीची काँक्रीटची लादी असते. ठोकळ्यापर्यंत पोहोंचेतों चाकाचा भार रुंद जागेवर पसरून सौम्य झालेला असतो. साधारण प्रतीचा ठोकळा प्रत्येक चौरस मीटरला सुमारें दहा टन भार आला म्हणजे लक्षांत येण्याजोगा दबूं लागतो. म्हणून त्यावरचा कायमचा भार इंजिनियर त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास ठेवतात. ह्या मर्यादेंत त्याचें दबणें फार अल्प असतें आणि बहुतेक आरंभींच होऊन जातें. काँक्रीटच्या लादीचें आणखी एक काम आहे. पॉलिस्टायरीन पाण्याला दाद देत नाहीं, पण पेट्रोलमध्यें साखरेसारखें विरघळतें. तेलाची गाडी उलटली तर रस्त्याखालीं एकाएकी भुयार पडावयाचें! म्हणून वर लादी किंवा तेलाला न जुमानणारा पडदा घालतात. अग्नीचीहि भीति आहे. काम चालूं असतां जवळच्या पुलाच्या जोडकामाच्या ठिणग्या पडून ठोकळ्यांनीं पेट घेतल्याचे प्रसंग नॉर्वेत घडले. मातीखालीं गाडला गेल्यावर मात्र हवेच्या अभावीं त्याला जळतां येत नाहीं.

तथापि ह्या पदार्थाचा खरा वैरी पेट्रोल नाहीं आणि अग्निहि नाहीं. तो आहे पाणी, आणि तेंहि त्याच्या गुणामुळेंच. जो गुण रस्त्याला तारतो तोच त्याला तरंगवितो. एक घनमीटर ठोकळा पाण्यांत बुडाला कीं पाणी त्याला सुमारें ९८० किलोग्रॅमांच्या जोरानें वर लोटतें. त्याला खालीं धरून ठेवण्याइतकें वजन वर असलें तर ठीक. नसलें तर रस्ता उठून होडीसारखा चालूं लागणार. १९८७ सालीं नॉर्वेत पूर आला. पाणी हिशेबांत धरलेल्या पातळीच्या वर चढलें, आणि ठोकळ्यांचा एक भराव खरोखरच तरंगला. आर्किमिडीजला दोन हजार वर्षांपूर्वीं न्हाणीघरांत जें सुचलें असें सांगतात, तेंच येथें लाखों रुपयांचें काम उचलून गेलें. चूक पदार्थाची नव्हती. चूक पुराच्या अंदाजाची होती. मातीचा भराव पुरांत चुकीच्या अंदाजाला बरेंच सांभाळून घेतो. हलका भराव तशी सूट देत नाहीं, आणि म्हणून तो वापरणाऱ्यानें नदीचा इतिहास अधिक काळजीनें वाचला पाहिजे.

दुसरी अडचण थंड देशांतली, पण मोठी चमत्कारिक आहे. हे ठोकळे उष्णता अडवितात. जमिनीच्या पोटांतली ऊब शरदाच्या रात्रीं साध्या रस्त्याच्या पृष्ठभागाला मिळते, ठोकळ्यांवरच्या रस्त्याला मिळत नाहीं. म्हणून तेवढ्याच तुकड्यावर बर्फाची निसरडी कांच आधीं जमते आणि बेसावध गाडी घसरते. ह्यावर उपाय पुन्हा रस्त्याची जाडी पुरेशी ठेवणें हाच.

ह्या सर्व गोष्टी कळल्या त्या एका चांगल्या संवयीमुळें. नॉर्वेच्या प्रयोगशाळेनें भराव घालून पाठ फिरविली नाहीं. तेथील फ्रीडेनलुंड व ओबो ह्या इंजिनियरांनीं पुढें अनेक वर्षें ह्या भरावांचा पाठपुरावा करून निष्कर्ष प्रसिद्ध केले. जुने ठोकळे खणून बाहेर काढले, कापले, वजन केले, दाबून पाहिले. निचऱ्याच्या जागीं असलेल्या ठोकळ्यांत वीस वर्षांनींहि आकारमानाच्या एक टक्क्याहून कमी पाणी शिरलें होतें. सतत पाण्यांत राहिलेल्यांत तें दहा टक्क्यांच्या घरांत गेलें होतें. बळ कोठेंच कमी झालें नव्हतें. असल्या नीरस नोंदींना कोणी टाळ्या वाजवीत नाहीं. पण पुढें दूरदेशच्या इंजिनियरांनीं विश्वास ठेवला तो ह्या नोंदींवर.

स्वतः नॉर्वेवाल्यांचा धीर तर एवढा वाढला कीं, १९८९ सालीं लोक्केबर्ग येथें त्यांनीं सुमारें ३७ मीटर लांबीचा एकगाळी पोलादी पूलच ठोकळ्यांवर बसविला. खांब नाहींत, दगडी पाया नाहीं. पुलाचीं दोन्ही टोकें फेसाच्या राशींवर टेकलेलीं. पूल तात्पुरता होता आणि ठोकळे अधिक टणक प्रतीचे होते, हें खरें; तरी पुष्कळ वर्षें त्यानें वाहतूक वाहिली. पुलाच्या तोंडाशीं असलेल्या रस्त्यासाठीं निघालेली युक्ति अशा रीतीनें पुलाच्या खालींच जाऊन बसली. पूल आणि रस्ता एकाच हलक्या बैठकीवर, तेव्हां पायरी पडावी कोणामध्यें?

१९८५ सालीं ऑस्लो येथें ह्या विषयावर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. जपाननें ही पद्धति त्याच वर्षीं हातीं घेतली आणि पाहतां पाहतां नॉर्वेला मागें टाकलें. जपानचीं कारणें थोडीं निराळीं होतीं: डोंगरउतारावर रस्ता रुंद करावयाचा तर मातीचा भराव उतार घेऊन खालीं जातो, आणि भूकंपांत जड वस्तु अधिक जोरानें हिसकते. १९९६ सालीं ह्या विषयाची परिषद टोकियोला भरली.

अमेरिकेंतील मोठें काम झालें तें यूटा प्रांतांत, सॉल्ट लेक शहरीं. तेथें फेब्रुवारी २००२ मध्यें हिंवाळी ऑलिंपिक सामने व्हावयाचे होते, आणि तत्पूर्वीं शहरांतून जाणारा आंतरराज्य महामार्ग क्रमांक १५ रुंद करून नव्यानें बांधावयाचा होता. सुमारें २७ किलोमीटरांचें हें काम १९९७ ते २००१ ह्या वर्षांत उरकलें. प्राचीन काळीं तेथें बॉनव्हिल नांवाचें विशाल सरोवर होतें. त्याच्या तळाची मऊ चिकणमाती शहराखालीं आहे. तिच्यावर उंच भराव घातला तर ती एक मीटर वा अधिक दबेल, आणि पुरती दबायला वर्षें लागतील, असा हिशेब निघाला. सामन्यांची तारीख थांबणार नव्हती. शिवाय रस्त्याच्या कडेनें ग्यासच्या व पाण्याच्या नळ्या आणि दळणवळणाच्या तारा पुरलेल्या होत्या. नव्या भरावाखालीं जमीन दबली कीं त्या नळ्या वांकून तुटणार. सर्व हलवाव्या तर खर्च आणि वेळ दोन्ही हाताबाहेर. म्हणून जेथें जेथें नळ्या होत्या, तेथें भरावाच्या जागीं ठोकळे रचले. एकंदर सुमारें एक लाख घनमीटर ठोकळे लागले. मातीचा तेवढाच भराव दोन लाख टन भरला असता. ठोकळ्यांचें सगळें वजन दोन-तीन हजार टन. खालच्या नळ्यांना आपल्यावर महामार्ग आल्याचें जणुं कळलेंच नाहीं. ठोकळे मातीहून कितीतरी महाग पडतात हा त्यांच्यावरचा नेहमींचा आक्षेप आहे, आणि तो रास्त आहे. परंतु येथें तुलना मातीशीं करावयाची नव्हती, नळ्या हलविण्याच्या खर्चाशीं आणि हातांतून जाणाऱ्या दिवसांशीं करावयाची होती.

महाराष्ट्रांत ह्या पदार्थाचें नांव आतां निराळ्याच कारणानें ऐकूं येतें. मार्च २०१८ मध्यें राज्य शासनानें थर्माकोलचीं ताटें, पेले व सजावटीचें साहित्य ह्यांवर बंदी घातली. जें मखर दहा दिवस मिरवून खाडींत जातें आणि शेंकडों वर्षें कुजत नाहीं, त्यावर बंदी आली हें योग्यच झालें. रस्त्याखालीं पुरलेल्या ठोकळ्याची गोष्ट वेगळी आहे. न कुजणें हा तेथें दोष नसून त्याला कामावर ठेवण्याचें कारणच तें आहे. मात्र उद्यां तो रस्ता मोडला तर बाहेर निघणारा पांढरा डोंगर कोठें न्यावयाचा, हा प्रश्न मखराइतकाच खरा राहतो. ठोकळे शाबूत निघाले तर दुसऱ्या भरावांत पुन्हा घालतां येतात. तुकडे झाले तर नाहीं. म्हणून ते काढतांनाहि, घालतांना असते तेवढीच काळजी घ्यावी लागते.

सॉल्ट लेक येथें महामार्गाच्या भरावांत बांधकामाच्या वेळींच मापनयंत्रें पुरून ठेवलीं होतीं. यूटा विद्यापीठाच्या इंजिनियरांनीं तीं पुढें दहा वर्षें वाचलीं. ऑलिंपिकचे पाहुणे केव्हांच घरीं गेले; वरून मालमोटारी जात होत्या, आणि खालचे ठोकळे दबत होते ते मिलिमीटरांनीं.